पहिला बँड चुकवू नका : मेटल-गॉथ गिगला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी, आणि पुढे तिथे गाणी लावू पाहणाऱ्यांसाठी

साडेसातला हॉलमध्ये अकरा माणसं होती. मी मोजली होती, कारण त्या दिवशी दोन बँडच्या मधल्या वेळात गाणी लावायचं काम माझ्याकडे होतं आणि डीजेच्या टेबलावरून सगळा हॉल दिसतो. अकरांपैकी चार जण पुढच्या बँडचे, दोन साउंडचे, एक बारमागचा. पहिला बँड नाशिकहून दुपारच्या गाडीने आला होता. गायकाने समोरच्या रिकाम्या फरशीकडे एकदा पाहिलं, माइकच्या वायरचे मनगटाला दोन वेढे घेतले आणि पंचवीस मिनिटं जीव तोडून गायला. साडेनऊला त्याच हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. उशिरा आलेल्यांपैकी कितीतरी जण टेबलाशी येऊन मला विचारत होते, "ताई, पहिला बँड कसा होता?"

म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते. तिकिटावर दार उघडायची जी वेळ लिहिलेली असते, त्या वेळेला पोहोचा. मुंबई-पुण्यातला मेटल, गॉथ आणि इंडस्ट्रियल संगीताचा हा सीन लहान आहे. शंभर-दीडशे माणसं आली तर गिग, म्हणजे लाइव्ह कार्यक्रम, चांगला झाला म्हणतात. पहिल्या बँडला पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावायचं की नाही, हे आयोजक साडेसातच्या गर्दीकडे बघून ठरवतो. तुम्ही एकटे वेळेवर आलात तरी तिथे फरक पडतो.

आधी थोडं मागचं

इंडस्ट्रियल या संगीतप्रकाराचं नाव आलं ते लंडनच्या थ्रॉबिंग ग्रिसल या गटाने १९७६ साली काढलेल्या इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स या लेबलवरून. यंत्रांचे आवाज, ठोके, टेपचे तुकडे, भोंगे, अशा गोष्टींतून त्यांनी संगीत उभं केलं. गॉथचं, म्हणजे पंकमधून निघालेल्या काळोख्या, उदास रॉकचं, पहिलं गाजलेलं घर म्हणजे लंडनच्या सोहो भागातला बॅटकेव्ह क्लब, सुरू झाला १९८२ साली. त्याच वर्षी जानेवारीत इथे मुंबईत गिरणी संपाला सुरुवात झाली होती. हा योगायोग माझ्या मनातून जात नाही, कारण आज मी ज्या हॉलमध्ये गाणी लावते, त्यांतले काही बंद पडलेल्या गिरण्यांच्या आवारातच आहेत. लोअर परळच्या मथुरादास मिलमध्ये २००७ पासून २०१६ पर्यंत ब्लू फ्रॉग हा लाइव्ह संगीताचा क्लब होता, पुढे अँटीसोशल त्याच आवारात आलं. जानेवारी २०१५ मध्ये कार्कससारखा इंग्लंडचा बँड वाजला तो भायखळ्याच्या रिचर्डसन अँड क्रुडास या जुन्या लोखंडी कारखान्यात. तिथल्या छताखाली गिटारचा आवाज जसा घुमला, तसा एखाद्या चकचकीत हॉलमध्ये घुमणार नाही.

त्याआधीचं सगळं रंगभवनात. धोबीतलावला, झेवियर्स कॉलेजच्या शेजारी, वर उघडं आकाश. १९८६ साली सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव वर्षानुवर्षं तिथे भरायचा. माझा मामेभाऊ डोंबिवलीहून पहिल्या रांगेसाठी सकाळीच निघायचा. मग ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवन नेमकं त्यात सापडलं. उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हाही त्याच नियमांचा भाग. आपले गिग बंद हॉलमध्ये आणि लवकर का होतात, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. साडेसातची वेळ दिलेली असते ती त्यामुळे खरीच असते.

गिग शोधायचा कसा

बँडना फॉलो करा, हॉलना नंतर. २००० साली सुरू झालेला डेमॉनिक रिझरेक्शन, २००३ चा भयानक मौत, २००७ चा गटस्लिट ही मुंबईची जुनी नावं. त्यांच्या इन्स्टाग्रामवरून सुरुवात करा आणि ते ज्यांच्याबरोबर वाजतात त्या लहान बँडकडे जा. पोस्टरवर सर्वांत खाली, बारीक अक्षरात जी नावं असतात ती वाचायची सवय लावा. तिकिटं बुकमायशो, डिस्ट्रिक्ट किंवा स्किलबॉक्सवर मिळतात. दारावरही मिळतात, पण आधी घेतलेलं तिकीट आयोजकाला आठवडाभर आधी धीर देतं.

पुण्याला हाय स्पिरिट्ससारख्या जागा आहेत, आणि २०१० साली सुरू झालेला एनएच७ वीकेंडर हा मोठा महोत्सवही तिथलाच. २०१९ ला स्वीडनचे ओपेथ त्याच महोत्सवात वाजले. मोठे कार्यक्रम जरूर पाहा. इंग्लंडच्या आयर्न मेडनने १ फेब्रुवारी २००८ ला वांद्रे-कुर्ला संकुलात आपल्या जागतिक दौऱ्याची सुरुवात केली, तेव्हा तिथे असलेली माणसं अजून तो दिवस सांगताना हळवी होतात. पण तुम्हाला नावाने हाक मारणारी माणसं भेटतील ती शंभर जणांच्या हॉलमध्येच.

निव्वळ गॉथ किंवा इंडस्ट्रियलचा गिग आपल्याकडे क्वचित होतो. ते ऐकणारे मेटलच्या गिगला येतात आणि कोपऱ्यात एकमेकांना बूट पाहून ओळखतात. एखाद्या क्लबने महिन्यातल्या एखाद्या रिकाम्या बुधवारी जागा दिली, तरच वेगळी डार्क नाइट होते. अशी रात्र दिसली तर सोडू नका.

निघण्याआधी

कपड्यांची काळजी करू नका. काळा टी-शर्ट, जीन्स, पूर्ण झाकलेले बूट, झालं. चपला आणि फ्लोटर्स नकोत, पायावर पाय पडतात. खिळ्यांचे पट्टे आणि मोठी कानातली पिटमध्ये, म्हणजे स्टेजसमोरच्या धक्काबुक्कीत, दुसऱ्याला लागतात. गॉथ नटून यायचं असेल तर मुंबईची हवा लक्षात घ्या. मे महिन्यात लेदर घालून हॉलमध्ये उभं राहिलं की अर्ध्या तासात चक्कर येते. काळं मलमल, आईची जुनी काळी ओढणी, ऑक्सिडाइज्डचे दागिने हे सगळं तितकंच देखणं दिसतं. काजळ वॉटरप्रूफ हवं, वर पावडरचा हलका हात. मी चंद्रकळेचा पदर कापून शिवलेलं जॅकेट दहा वर्षं वापरतेय आणि लंडनच्या दुकानातल्या जॅकेटशी त्याची अदलाबदल करणार नाही.

पोटभर जेवून जा. ओळखपत्र न्या. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे आणि बार असलेल्या बऱ्याच जागा २१ खालच्यांना आतच घेत नाहीत. वय कमी असेल तर आधी फोन करून विचारा. कॉलेजचे महोत्सव तुमच्यासाठी खुले असतात आणि तिथेही उत्तम बँड येतात. २००९ साली पॉर्क्युपाइन ट्री आयआयटीच्या मूड इंडिगोला येऊन गेले.

परतीची गाडी आधी ठरवा. मध्यरात्रीनंतर साधारण एक ते चार लोकल बंद असते. लोअर परळहून मध्य रेल्वेवर राहणाऱ्यांनी करी रोडला चालत जावं. एकट्या असाल तर संध्याकाळीच आपल्या लाइनवर राहणारं कोणीतरी शोधून ठेवा. "डोंबिवली साइडचं कोण आहे?" असं मी पहिल्या गिगला मोठ्याने विचारलं होतं. त्यातले दोघं आज माझ्या घरच्यांसारखे आहेत.

कान

इथे मी कुणाचंही ऐकणार नाही. इअरप्लग घालाच.

८५ डेसिबलला आठ तास चालतं, असं कानाचे अभ्यासक धरतात. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे शंभर डेसिबलला साधारण पंधरा मिनिटं. मेटलचा गिग शंभरच्या वर सहज जातो आणि तीन तास चालतो. ढोल-ताशा पथकात वाजवलेल्यांना विसर्जनानंतरची कानातली शीळ माहीत असते. ती शीळ म्हणजे कान दुखावल्याची खूण, आणि दर वेळी ती पूर्ण जातेच असं नाही. कापसाचे बोळे फारसं काही थांबवत नाहीत. औषधाच्या दुकानातले फोमचे प्लग चालतात : बोटांनी पिळून सुरळी करा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत धरून ठेवा. पुढे संगीतकारांसाठीचे, फिल्टर असलेले प्लग घ्या. त्यांत गाणं स्वच्छ राहतं, फक्त आवाज कमी होतो. माझ्या उजव्या कानात रात्रीच्या शांततेत एक बारीक सूर कायम वाजतो. विशीत मी प्लग घातले असते तर तो नसता.

पिट

गर्दीच्या मधोमध मोकळी जागा होते आणि लोक एकमेकांवर आदळू लागतात, तो पिट. सगळे गोल धावू लागले की सर्कल पिट. गायकाने गर्दी दोन भागांत फाडायला लावून खुणेसरशी एकमेकांवर सोडली तर वॉल ऑफ डेथ. यात उतरायची सक्ती कुणावरच नाही. कडेला उभं राहून मान हलवणारेही पूर्ण गिग ऐकतात. कडेला असाल तर हात छातीसमोर घडी घालून ठेवा आणि स्टेजकडे पाठ करू नका.

उतरलात तर खांदे वापरा, कोपरं आणि मुठी नाही. कुणी पडलं की तिथल्या तिथे थांबून उचलायचं. गोविंदा पथकात थर कोसळल्यावर खालचे आधी हात वर करतात, कोण कुठे पडलं ते नंतर बघतात. पिटमध्येही तेच. कुणाला ढकलताना त्याच्या चेहऱ्याकडे बघा. तो हसत नसेल तर त्याला बाहेर वाट करून द्या. मुलींच्या अंगाला मुद्दाम हात लावणारा दिसला तर आयोजकाला किंवा डीजेला येऊन सांगा. माझ्या टेबलाशी अशी तक्रार आली तर मी गाणं बंद करून दारावरच्या माणसाला बोलावते. मग गिग कुणाचाही असो.

एकदा ऐन गाण्यात एका मुलाचा चष्मा पडला. त्याने हात वर करून डोळ्यांसमोर बोटांचे दोन गोल केले. शेजारच्याने तो इशारा पुढे दिला आणि दहा सेकंदांत तीस माणसांचं कडं तयार झालं, आत चार जण मोबाइलचे टॉर्च लावून फरशीवर बसलेले. बँड थांबला. चष्मा सापडला, एक काडी वाकडी झाली होती. त्याने तो तसाच नाकावर चढवला, ड्रमरने काठ्यांवर चार ठोके दिले आणि सगळं जिथे थांबलं होतं तिथून पुन्हा सुरू झालं.

निघताना बँडच्या टेबलावरून काहीतरी घ्या. टी-शर्टच्या पैशांतून त्यांचं परतीचं भाडं निघतं. यूपीआय सगळीकडे चालतं, पण तळघरात रेंज जाते, थोडी रोकड असू द्या.

आता टेबलामागे यायचं असेल तर

किमान वर्षभर प्रेक्षक म्हणून या, मग विचारा. आयोजक गाणी लावायला माणूस शोधतो तो ओळखीतूनच, आणि ओळख होते ती साडेसातला आलेल्यांची.

गाणी विकत घ्या. बँडकॅम्पवर बहुतेक बँड आहेत आणि तिथून वेव्ह किंवा एआयएफएफ फाइल मिळते. २०२० पासून ते वर्षातल्या काही शुक्रवारी आपला वाटा सोडतात, मी तेव्हाच्या तेव्हा यादी संपवते. ३२० केबीपीएसचा एमपी३ही पुरतो. यूट्यूबवरून उतरवलेलं गाणं मोठ्या स्पीकरवर चिखलासारखं वाजतं. क्लबच्या वायफायवर भरवसा ठेवून स्ट्रीमिंगवर तर कधीच जाऊ नका.

पेनड्राइव्ह दोन न्या, दोन्हींवर तीच गाणी, दोन्ही फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेले. माझ्या पहिल्या रात्री एका क्लबमध्ये प्लेअरने माझा पेनड्राइव्ह ओळखलाच नाही, कारण तो एनटीएफएस होता. दुसरा आणला नव्हता. वीस मिनिटं मी फोनला वायर लावून गाणी वाजवली आणि मधे आईचा फोन आला तो सगळ्या हॉलने ऐकला. जुन्या प्लेअरवर फ्लॅक फाइलही वाजत नाही, त्यामुळे त्या आधीच बदलून घ्या. गाणी रेकॉर्डबॉक्स या डीजेंच्या सॉफ्टवेअरमध्ये तपासून, याद्या करून मगच पेनड्राइव्हवर चढवा. सार्वजनिक ठिकाणी गाणी वाजवायचे पीपीएल आणि आयपीआरएस या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचे परवाने जागेच्या मालकाकडे लागतात. ते आहेत ना, हे आयोजकाला एकदा विचारून घ्या.

दोन बँडच्या मधे वाजवणं ही वेगळी कला आहे आणि मला ती पूर्ण रात्र वाजवण्यापेक्षा जास्त आवडते. बँड थांबल्यावर लगेच गाणं सोडू नका. टाळ्या त्यांच्या आहेत. दहा-पंधरा सेकंद जाऊ द्या, मग फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, हळू वर. तुमचा आवाज बँडपेक्षा कायम खाली. स्टेजवर तेव्हा धावपळ चालू असते : एक ड्रमर आपला स्नेअर, झांजा आणि पेडल काढत असतो, दुसरा आपले लावत असतो, गिटारवाले अँपमागे वाकलेले. पंधरा-वीस मिनिटांचा खेळ. मग साउंडवाले दादा एकेका ड्रमचा आवाज तपासायला "किक दे… स्नेअर दे…" म्हणू लागतात. त्या क्षणी तुमचं गाणं त्यांच्या कानात नको. त्यांचा तळवा खाली झाला की फेडर खाली. मी सगळा वेळ स्टेजकडे तोंड करून उभी असते आणि एक डोळा दादांच्या हातावर ठेवते. गिग सुरू होण्याआधी त्यांना चहा विचारा, नाव विचारा. रात्रभर तुम्ही त्यांच्या भरवशावर असता.

त्या रात्री वाजणाऱ्या बँडची गाणी लावायची नाहीत. डेथ मेटलच्या आधी डेथ मेटल लावायचं नाही. कान दमलेले असतात, त्यांना पोस्ट-पंक किंवा संथ इंडस्ट्रियल द्या, मग पुढच्या बँडचा पहिला ठोका छातीत बसतो.

पूर्ण डार्क नाइट असेल तेव्हा मिक्सिंग कामाला येतं. ईबीएम (इलेक्ट्रॉनिक बॉडी म्युझिक), म्हणजे बेल्जियमच्या फ्रंट २४२ सारख्यांचं, साधारण ११५ ते १३० बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला तितक्या ठोक्यांचं, सरळ चार ठोक्यांचं संगीत. शिकायला तेच घ्या. सोळा किंवा बत्तीस ठोके मोजा आणि दुसरं गाणं ओळीच्या सुरुवातीला आत आणा. गॉथ रॉकमध्ये ड्रमर माणूस असेल तर लय गाण्याभरात मागेपुढे होते. सिस्टर्स ऑफ मर्सी या गॉथ बँडचा ड्रमर मात्र जवळजवळ पहिल्यापासून मशिन, त्याला नाव दिलंय डॉक्टर अ‍ॅव्हलांच. तिथे ठोका जुळतो. मेटल जुळवायच्या फंदात पडू नका. ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमचा अतिवेगवान मारा, आला की सॉफ्टवेअर लय दुप्पट किंवा निम्मी दाखवतं. गाणं संपू द्या, शेवटच्या गिटारचा घुमारा विरतोय तोवर पुढच्याची सुरुवात त्यावर ठेवा. गाण्यांची सुरुवात आणि शेवट पाठ असणं हीच मेटलच्या डीजेची विद्या आहे.

आवाजाची पातळी दर गाण्याला तपासा. ऐंशीच्या दशकातली रेकॉर्डिंग हळू आवाजाची असतात, दोन हजारनंतरची मेटल कचकचून मोठी. हेडफोनमध्ये ऐकून, मीटर बघून गेनचं बटण आधी लावा, मग फेडर उघडा. मीटर लाल होऊ देऊ नका. लाल झाल्यावर आवाज वाढत नाही, फाटतो.

आणि तुम्ही कुणाला वाजवताय हे माहीत असू द्या. ब्लॅक मेटलमध्ये उघड नाझी विचारांचे बँड आहेत, इंडस्ट्रियलमध्येही लष्करी खुणांशी खेळणारे आहेत. काही जण त्या खुणा हुकूमशाहीवर कोरडे ओढायला वापरतात, काही जण मनापासून. फरक वाचून समजतो, तो वाचायचे कष्ट घ्या. आपल्याकडे दारावर स्वस्तिक काढतात म्हणून नाझींच्या स्वस्तिकाचा प्रश्न आपला नाही, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. ज्या बँडने माझ्या समोरच्या माणसांना कमी लेखलंय, त्याला मी माझ्या टेबलावरून आवाज देत नाही.

दार उघडताच पहिलं गाणं सुरू असलं पाहिजे, हॉलमध्ये कोणी असो वा नसो. शेवटचं गाणं दिवे लागायच्या पाच मिनिटं आधी, वेळ बारवाल्याला विचारून ठेवा. वायर गुंडाळताना कोपराभोवती पिळू नका, एक वेढा सरळ एक उलटा घ्या, नाहीतर आतली तार तुटते. आणि खिशात एक पेन ठेवा. कोणीतरी, बहुतेक वेळा एकटं आलेलं, अगदी शेवटी टेबलाशी येऊन विचारतं, "मघाशी ते लावलं होतं, ते काय होतं?" त्याच्या तिकिटामागे नाव लिहून द्या, बँडचं गाव आणि सालसुद्धा.